खणणाऱ्याचं पाणी

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातला एक टोला. श्रावण लागला होता, रोवणी आटोपत आली होती, आणि त्या घरचा म्हातारा आठवडाभर दिवसाआड थंडी वाजून पडत होता. किटवर रेघ उठली, व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला. मी तेव्हा हिवताप कर्मचारी होतो, गावात सगळे मलेरियावालाच म्हणायचे. क्लोरोक्विन दिली आणि प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या मोजत बसलो. म्हाताऱ्यानं त्यातली एक तळहातावर घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "भाऊ, हे गोळी पयले कोनावर लावून पायली गा?"

मी म्हणालो, सरकारनं तपासूनच पाठवली आहे. त्याचं समाधान झालं नाही. "सरकारचं नाई इचारत. पयले खाल्ली कोनं?"

प्रश्न त्याच्या शेतातून आला होता. नवं बियाणं आलं की पहिल्या वर्षी तो ते एकाच बांदीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, लावायचा आणि शेजारच्या बांदीत घरचं जुनं धान. कापणीच्या वेळी दोन्ही बांद्या आपल्या तोंडानं सांगतात, असं तो म्हणायचा. तेव्हा ही गोळीही कुठल्या तरी बांदीत लावून पाहिली असणार आणि ती बांदी कुणाची, एवढंच त्याला हवं होतं. मला ठाऊक नव्हतं. तीसेक वर्षं गोळ्या वाटल्या, शेकडो काचपट्ट्यांवर रक्त घेतलं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता आणि कुठल्या प्रशिक्षणात कुणी पाडलाही नव्हता.

उत्तर निवृत्तीनंतर मिळालं. भाचा डॉक्टरकी शिकतो. त्याची पुस्तकं आणि माझा रिकामा वेळ यांची गाठ पडली.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात जोलिएट शहराजवळ स्टेटव्हिल नावाचा मोठा तुरुंग होता. दुसरं महायुद्ध चाललेलं. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैनिक हिवतापानं लोळत होते, आणि जपाननं जावा घेतल्यामुळे क्विनाइनचा पुरवठा तुटला होता. १९४४ पासून शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर आणि सैन्य यांनी मिळून त्या तुरुंगात प्रयोग सुरू केले. हिवतापाचे डास कैद्यांना मुद्दाम चाववायचे, ताप चढू द्यायचा, मग नवी औषधं देऊन पाहायची. पहिल्या दोन वर्षांतच चारशेच्या वर कैदी यातून गेले. युद्ध संपलं तरी काम थांबलं नाही, ते १९७४ पर्यंत चाललं. प्रायमाक्विन तिथे घडली. कोरियाहून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना ती मिळाली आणि पुढे फिरत फिरत माझ्या पिशवीत आली.

इथवर वाचून मी पुस्तक मिटलं असतं. पण पुढचं पान माझ्याच तोंडचं निघालं. ही गोळी दिल्यावर काही काळ्या कैद्यांची लघवी गडद झाली, रक्त झपाट्यानं उतरलं. असं का होतं याचा शोध तिथेच लागला आणि १९५६ मध्ये तो छापून आला: या माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर कमी असतं. आपल्या आदिवासी पट्ट्यातही ही कमतरता आढळते. म्हणून आम्हाला शिकवलेलं असायचं आणि मी प्रत्येक घरी म्हणायचो, "लघवी काळी झाली तर गोळी बंद करा आणि लगेच दवाखान्यात या." त्या म्हाताऱ्यालाही म्हणालो होतो. हे वाक्य मला सरकारी माहितीपत्रकातलं वाटायचं. ते एका तुरुंगातल्या कैद्यांच्या लघवीतून आलेलं होतं.

त्या कैद्यांनी सह्या केल्या होत्या, हे सांगायला हवं. थोडे पैसे मिळायचे, शिक्षा कमी होण्याची आशा असायची. त्यांच्यातल्या काहींना युद्धात आपलाही हात लागतोय याचा अभिमानही वाटत असेल. म्हणून हे प्रकरण सरळ काळं नाही. पण १९४६ च्या डिसेंबरात न्यूरेंबर्गला हिटलरच्या २३ जणांवर, त्यात बहुतेक डॉक्टरच, छळछावण्यांतल्या प्रयोगांचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या वकिलांनी याच स्टेटव्हिलकडे बोट दाखवलं. तुमच्या तुरुंगात चालतं ते शास्त्र आणि आमच्याकडचा तो गुन्हा कसा? कैद्याची सही कितपत मोकळी, हा प्रश्न अमेरिकेला पहिल्यांदा जोरात विचारला तो अशा माणसांच्या वकिलांनी. पुढे निकालपत्रात प्रयोगांसाठी दहा नियम घातले गेले. त्यातला पहिला असा की माणसाची स्वतःहून दिलेली संमती ही अट कुठल्याही परिस्थितीत सुटणार नाही.

आता वाद सुरू होतो. ब्रह्मपुरीला माझा एक मित्र आहे, निवृत्त प्राध्यापक. त्याचं मत पक्कं आहे: दुसऱ्याच्या देहावर जबरदस्ती करून मिळवलेली विद्या वापरणं म्हणजे त्या जबरदस्तीत मागाहून हात घालणं. चोराचा माल स्वस्तात घेणाराही चोरच. मी त्याला म्हणालो, ठीक आहे, उद्यापासून प्रायमाक्विन बंद. व्हायवॅक्सचे जंतू काळजात, म्हणजे यकृतात, दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप काढतात. त्यांना तिथून हुसकावणारी, आपल्याकडे गावोगाव मिळणारी गोळी हीच. ती बंद केली तर त्या कैद्यांना काय मिळालं? आणि गोळी गेली कुणाच्या हातातून? तुझ्या नाही. तुझ्या घराला जाळ्या आहेत.

तो चिडला. पण हा वाद मी पुण्या-मुंबईच्या, फार तर नागपूरच्या सभागृहांतल्या चर्चांतूनही वाचला आहे आणि मला दर वेळी तीच गोष्ट खटकते. "वापरावं की नाही" हा प्रश्न ज्याला न वापरण्याची सोय आहे तोच विचारतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. त्या पलीकडे तापानं फणफणलेल्या पोराच्या आईला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

माझ्या आजोळी, भंडारा जिल्ह्यात, मालगुजाराच्या वाड्यामागे एक विहीर आहे. दगडी, रुंद, उन्हाळ्यातही आटत नाही. दुष्काळाच्या वर्षी वेठीनं खणून घेतलेली, असं आजी सांगायची. खणणाऱ्यांना दिवसाकाठी मूठभर धान्य मिळे, कधी तेही नाही. एक जण आत दबून मेलाही. विहीर झाली, पाणी लागलं. आणि ज्यांनी ती खणली त्यांनाच तिच्यावर चढायची बंदी. त्यांच्या बायका खाली मडकी धरून उभ्या राहायच्या, वरून कुणी तरी ओतेल याची वाट पाहत. पुढे काळ बदलला, बंदी गेली. आता तिच्यावर मोटर आहे.

ही विहीर बुजवावी असं आजवर गावात कुणी म्हणालेलं नाही. खणणाऱ्यांची नातवंडं तर मुळीच म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं होतं ते वेगळंच: आमच्या आजोबांनी खणली, तर पाण्यावर पहिला हक्क आमचा. मला हे म्हणणं सभागृहातल्या दोन्ही पक्षांपेक्षा शहाणं वाटतं. पाणी टाकून दिल्यानं दबून मेलेला माणूस परत येत नाही. पण "पाण्याला जात नसते, प्या नि गप्प बसा" असं मालगुजाराच्या नातवानं म्हणणं, हेही निर्लज्जपणाचं आहे. डॉक्टर लोकांत हे दुसरं वाक्य फार चालतं. ज्ञान ते ज्ञान, असं म्हणतात. म्हणणारा बहुधा वरून ओतणारा असतो.

काही ठिकाणी विहिरीला पाणीच नसतं, तो भाग पटकन सांगून टाकतो. दाखाउच्या छळछावणीत १९४२-४३ मध्ये कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून माणूस थंडीनं कसा मरतो हे पाहिलं गेलं. तीनशेच्या आसपास माणसं त्यात वापरली आणि ८० ते ९० मेली. पुढे कित्येक वर्षं काही शास्त्रज्ञ ते आकडे वापरत राहिले. १९९० मध्ये एका अमेरिकी डॉक्टरनं सगळी कागदपत्रं नीट तपासली तेव्हा कळलं की नोंदी अर्धवट, आकडे एकमेकांशी न जुळणारे, काही सरळ बनावट. क्रूर माणूस काटेकोर असतो, ही आपली समजूतच चुकीची. अशा ठिकाणी नीतीचा प्रश्न येण्याआधीच शास्त्राचं उत्तर येतं: फेकून द्या.

आणि एक ठिकाण असं की तिथे वापरणं हाच दुसरा गुन्हा झाला. जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीनं मांचुरियात जिवंत माणसांवर प्लेग नि इतर रोगांचे प्रयोग केले. युद्धानंतर अमेरिकेनं त्यांची माहिती घेतली आणि बदल्यात त्या डॉक्टरांना खटल्यातून सूट दिली. इथे माझा मित्र बरोबर आहे. माल घेण्यासाठी चोराला सोडून दिलं, तर पुढच्या चोराला बाजारभाव कळतो. न्यूरेंबर्गला आधी खटला झाला, शिक्षा झाल्या, सात जणांना फाशी झाली. कागद उरले ते नंतर. आधी शिक्षा आणि मग उपयोग, हा क्रम उलटला की उपयोगही नासतो.

पण मला खरा धडा मिळाला तो आपल्या घरच्या रोगातून, कुष्ठरोगातून.

विदर्भाला हा रोग परका नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर, वरोऱ्याजवळ आनंदवन, आणि गावोगाव बोटं झडलेली माणसं आमच्या पिढीनं पाहिली. बहुविध औषधांचा उपचार देशात आला तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत वर्धा होता. आता या रोगाला "महारोग" म्हणायचं नाही, हे बरंच झालं. सभ्य कागदांवर "हॅन्सेनचा आजार" असं लिहितात. नॉर्वेतल्या बर्गनच्या डॉक्टर आरमावर हॅन्सेननी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू पाहिला, म्हणून हे नाव.

त्या हॅन्सेननी पुढे काय केलं हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जंतूंमुळेच रोग होतो हे सिद्ध होत नव्हतं. १८७९ मध्ये त्यांनी रुग्णालयातल्या तिशीतल्या एका बाईच्या डोळ्यात, मोतीबिंदू काढायच्या सुरीनं, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिला विचारलं नव्हतं. कोर्टात हे त्यांनी कबूलही केलं. तिला प्रयोगाचं महत्त्व आपल्यासारखं दिसणार नाही असं गृहीत धरल्यामुळे परवानगी मागितली नाही, असा त्यांचा खुलासा होता. १८८० मध्ये कोर्टानं त्यांना रुग्णालयाच्या पदावरून काढलं. कुष्ठरोगाचे देशाचे मुख्य अधिकारी मात्र तेच राहिले.

"तिला पटलं नसतं, म्हणून विचारलं नाही." हे वाक्य मी वाचलं आणि थांबलो. नोकरीच्या काळात हे मी मराठीत किती वेळा ऐकलं असेल! "त्याइले काय समजते, अंगठा घे नि चाल."

दुसरी गोष्ट वरोऱ्याची. बाबा आमट्यांनी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते. प्रयोगासाठी माणूस हवा होता, तो माणूस ते स्वतः झाले. त्यांना रोग झाला नाही. त्या नॉर्वेच्या बाईच्या डोळ्यातही गाठ उठली नाही. दोन्ही प्रयोग फसले. शास्त्राच्या वहीत दोघांची जमा सारखीच, जवळपास शून्य. तरीही एक प्रयोग कोर्टात गेला आणि दुसरा आम्ही पोरांना सांगतो. फरक सगळा वहीबाहेरचा आहे. म्हणून "फायदा किती झाला बघा ना" हा युक्तिवाद मला पटत नाही. फायदा नसतानाही अन्याय अन्याय असतो, तर फायदा झाला म्हणून तो कमी कसा होईल? रोगाला नाव द्यायचंच होतं तर त्या बाईचं का देऊ नये, असा एक तिरका विचार मनात येतो. पण तिलाही ते नको असेल. तिला तर फक्त डोळा हवा होता.

आता आपल्या बाजूला येतो. खम्मम जिल्हा, तेव्हा आंध्रातला, आता तेलंगणातला, गडचिरोलीपासून फार लांब नाही; मधे गोदावरीकाठचं जंगल, दोन्हीकडे आदिवासी, दोन्हीकडे आश्रमशाळा. २००९-१० मध्ये तिथे आणि गुजरातेत वडोदऱ्याला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा एक पाहणी प्रकल्प झाला. १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना लस टोचली. काही मुली दगावल्या, गवगवा झाला, २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबला. मृत्यू लशीमुळे झाले असं चौकशीत निघालं नाही, आणि लस आज जगभर कामाची ठरली आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्या लशीबद्दल भीती पसरवायची नाही. आपल्या मुलींना ती द्यावी. पण संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये अहवाल दिला त्यात आंध्रातल्या संमतीपत्रांची मोजणी आहे: ९,५४३ पैकी २,७६३ पत्रांवर सही वसतिगृहाच्या वॉर्डनची होती. आई-बाप वीस-पंचवीस कोसांवर मोहफुलं वेचत असतील. त्यांना निरोपसुद्धा नाही.

वॉर्डनवर राग काढणं सोपं आहे. मी काढत नाही, कारण मीही तेच केलं आहे.

वीसेक वर्षांपूर्वी एक पथक आलं. गाडीवर पाटी होती, ओळखपत्रं होती. कुणाचं पथक ते लिहीत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त घ्यायचं आहे, गावातले लोक तुम्हाला ओळखतात, जमवून द्या, असं मला सांगितलं. मी घरोघर गेलो. लोकांनी मला काय विचारावं? बोट टोचणारा ओळखीचा माणूस. बोटाऐवजी दंडातून घेतलं, काचपट्टीऐवजी शिशी भरली, एवढाच फरक. चाळीसच्या वर शिश्या झाल्या असतील. कागद इंग्रजीत होते. अंगठे मी घेतले, शाईची डबी माझी होती. "अहवाल येईल ना?" असं एका बाईनं विचारलं, तेव्हा "येईल ना, काऊन नाई येत" असं मीच म्हणालो. अहवाल आला नाही. मी दोनदा विचारणा केली, मग बदली झाली. त्या शिश्यांमधलं उत्तर कुठल्या तरी तक्त्यात बसलं असेल, त्यावर कुणाला तरी पदवी मिळाली असेल, आणि असेलच तर ते ज्ञान खरंच असेल. बाईला काही कळलं नाही.

तेव्हापासून संशोधनाच्या नीतीबद्दल बोलताना मी छळछावण्यांवर फार वेळ घालवत नाही. तिथला राक्षस सगळ्यांना दिसतो. आपल्याकडचं काम राक्षसाशिवाय होतं. गोड बोलणारा, गावाच्या विश्वासातला एक मलेरियावाला पुरतो.

म्हाताऱ्याच्या बांदीकडे परत येतो, कारण सगळ्यात अवघड गोष्ट तिथे आहे.

उस्मानाबाद, आताचं धाराशिव. विदर्भात नाही, पण आमच्यासारखाच कोरडवाहू, कामाला वाकलेला जिल्हा. १९९९ पासून तिथल्या ५२ ग्रामसमूहांतल्या १ लाख ३१ हजारांवर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. वय ३० ते ५९, धडधाकट बायका. चार गट केले. तीन गटांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी वेगवेगळ्या पद्धतीनं एकदा तपासणी झाली. चौथ्या गटाची तपासणी नाही. नेहमी जे मिळतं तेच. आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९ मध्ये निकाल छापला: या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांत या रोगानं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ६४. एकाच तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला त्या अभ्यासानं पक्कं सांगितलं. आज जगभर या तपासणीची शिफारस होते त्यामागे मराठवाड्यातल्या त्या बायका आहेत. मुंबई आणि तमिळनाडूतल्या दिंडिगुल इथेही असेच अभ्यास झाले. तिन्हींतल्या विनातपासणी गटांची बेरीज १ लाख ३८ हजारांवर जाते आणि त्यांत या कर्करोगानं २५४ बायका गेल्या, यावर पुढे मोठा वाद पेटला.

अभ्यास करणाऱ्यांची बाजू अशी, आणि ती हलकी नाही: भारतात खेड्यातल्या बाईला अशी तपासणी मिळतच नव्हती. आम्ही कुणाकडून काही काढून घेतलं नाही. उलट स्वस्तातली, इथे चालणारी पद्धत कुठली हे कळायला तुलना हवीच होती. म्हाताऱ्याच्या भाषेत, शेजारची बांदी नसेल तर नवं बियाणं चांगलं हे सांगणार कसं?

मला तुलनेचं गणित कळतं. नव्या औषधाला विनाऔषध गट लागतो, कारण औषध उपयोगाचं की अपायाचं हे कुणालाच माहीत नसतं. पण तपासणी केली की या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात, हे श्रीमंत देशांत तोवर कित्येक दशकं माहीत होतं. पैसा देणाऱ्यांच्या देशात असा विनातपासणी गट ठेवायला कुणी धजलं नसतं. "इथे काहीच मिळत नव्हतं, म्हणून काही न देणं चालतं" या हिशोबात गरिबीच प्रयोगशाळेचं सामान होते. जिथे दुर्लक्ष जास्त, तिथे प्रयोग सोपा. या न्यायानं एटापल्लीत तर काहीही करता येईल. आणि बांदीचं म्हणाल तर म्हातारा जुनं धान लावायचा, बांदी पडीक नाही ठेवायचा.

तरीही, उद्या आमच्या उपकेंद्रात तपासणीचं शिबिर लागलं तर मी गावातल्या बायकांना जा म्हणेन. माझ्या सुनेला स्वतः नेऊन बसवेन. त्या ६४ जणींच्या नावावर घेतलेली विद्या आहे ती. धाराशिवची बाई मेली आणि धानोऱ्याच्या बाईला तपासणीही मिळाली नाही, असं झालं तर मात्र तो मालगुजाराचा वाडा झाला. माझा सगळा मुद्दा इथे येऊन थांबतो: अशा विद्येचा उपयोग ही परवानगी नाही, ते कर्ज आहे. आणि कर्ज फेडायचं असतं ते ज्यांच्याकडून घेतलं त्यांना, ते नसतील तर त्यांच्यासारख्यांना, सगळ्यात आधी. अमेरिकेत टस्कीगीला ३९९ काळ्या शेतमजुरांना सिफिलिस असूनही १९३२ ते १९७२ उपचाराविना ठेवून रोग कसा वाढतो हे नुसतं पाहिलं गेलं. बोभाटा झाल्यावर वाचलेल्यांना आणि त्यांच्या बायकापोरांना सरकारी खर्चानं उपचार द्यावे लागले. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. मला माफीपेक्षा उपचारांचा कागद मोठा वाटतो.

सांगण्याबद्दलही एक शब्द. व्हिएन्नातला एक नाझी शरीरशास्त्रज्ञ, एडुआर्ड पर्नकॉफ, यानं माणसाच्या शरीराच्या चित्रांचा मोठा संग्रह काढून घेतला. त्यांतली बरीच चित्रं फाशी दिलेल्या लोकांच्या देहांवरून काढली असणार, असं नंतर उघड झालं. चित्रं इतकी बारीक की अवघड मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेत आजही काही सर्जन ती पाहतात. २०१७ मध्ये एका ज्यू धर्मगुरूनं याबद्दल निर्णय दिला: जीव किंवा अवयव वाचत असेल तर वापरा, पण रुग्णाला आधी सांगा ही चित्रं कुठून आली, आणि त्याला ठरवू द्या. मला हे आवडलं, आणि लगेच शंकाही आली. एकशे तीन ताप असलेल्या माणसाला मी स्टेटव्हिलची कथा सांगत बसू? तो काय ठरवणार? सांगायचं ते तापाच्या आधी सांगायचं. आशाताईंच्या प्रशिक्षणात अर्धा तास, आश्रमशाळेच्या विज्ञानाच्या तासाला एक पान. मला तीस वर्षांत एवढं कुणी सांगितलं असतं तर त्या पथकाच्या इंग्रजी कागदावर मी शाईची डबी उघडण्याआधी एकदा तरी "हे वाचून दाखवा" म्हणालो असतो. असं मला वाटतं. नक्की नाही सांगू शकत.

गेल्या वर्षी त्या गावात गेलो होतो. आता सिकलसेलची मोहीम आहे, तपासणी झाली की माणसाच्या हातात कार्ड देतात. अहवाल येईल ना, असं ज्या बाईनं मला विचारलं होतं, तिनं ट्रंकेतून कार्ड काढून दाखवलं. ती वाहक, म्हणजे दोष रक्तात पण आजार नाही. तिची मुलगी वाहक, जावईही वाहक. दोघांचं लग्न जुळवलं तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. नात सहा वर्षांची, तिला पूर्ण आजार. हातपाय दुखून रात्ररात्र रडते, दर महिन्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आणायला जावं लागतं.

"भाऊ," ती म्हणाली, "तवा नेलं होतं ते रगत, त्यात हेच निंगालं असन ना?"

मी हाव म्हणालो. निघालंच असणार. बारा वाजताची बस होती. पोरीची फाईल मी घेतली आणि आम्ही तिघं रस्त्याकडे निघालो.